औषधास दाद न देणारा हिंवताप

कोयनेलची कडू चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे अशीं माणसें आतां घरोघर थोडींच उरलीं असतील. पूर्वींच्या पिढ्यांत मात्र थंडी वाजून ताप भरला, मध्यें एक दिवस उतरला आणि तिसऱ्या दिवशीं ठरल्या वेळीं पुन्हां आला, म्हणजे डॉक्टरास विचारण्याच्या आधींच घरांतलें वडील माणूस कोयनेलची पुडी शोधूं लागे. टपालकचेरींतून अशा पुड्या पैशाला एक ह्याप्रमाणें विकण्याची व्यवस्था १८९२ सालीं बंगालांत सुरू झाली होती. त्या पुडीवर लोकांची जी भिस्त होती तिच्या मुळाशीं एक समजूत होती, ती अशी कीं, एकदां लागू पडलेलें औषध नेहमींच लागू पडणार. रोग तोच, औषध तेंच. मग गुण तरी कां बदलावा? ही समजूत कशी खोटी ठरली त्याची हकीकत प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती एका सूक्ष्म जंतूची हकीकत आहे. तशीच ती सरहद्दीवरच्या एका आडगांवाची, दोन युद्धांची आणि पुष्कळशा शहाण्या माणसांच्या चुकांचीही आहे.

जंतूची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. १८८० च्या नोव्हेंबरांत अल्जीरियांत लाव्हेरां नांवाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें रुग्णाच्या रक्तांत तो पाहिला, आणि १८९७ च्या ऑगस्टांत आमच्याच देशांत सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस ह्यांनीं तो डांसाच्या पोटांत दाखवून दिला. ह्या जंतूच्या कांहीं जाती आहेत. त्यांतील दोहोंशींच आपणांस येथें कर्तव्य आहे. एक व्हायव्हॅक्स, जो पुष्कळ पीडा देतो पण क्वचित् जीव घेतो. दुसरा फॅल्सिपॅरम, जो मेंदूपर्यंत जाऊन दोन-तीन दिवसांत धडधाकट माणसाचा बळी घेऊं शकतो. आमची हकीकत मुख्यतः ह्या दुसऱ्याची आहे.

तांबड्या रक्तपेशींत शिरून हा जंतु वाढतो, फुटतो आणि नव्या पेशींत शिरतो. अत्यवस्थ रुग्णाच्या शरीरांत त्याची संख्या लाख कोटींपर्यंतही जाऊं शकते. प्रत्येक जंतूच्या घडणीचा सारा मजकूर चौदा गुणसूत्रांवर लिहिलेला असतो. त्यांत सुमारें २ कोटी ३० लाख अक्षरें आहेत, आणि नवा जंतु निपजतांना तो सबंध मजकूर नव्यानें उतरून घ्यावा लागतो. पोथ्या नकलून घेण्याचा काळ ज्यांनीं वाचलेला आहे त्यांस पुढें काय होतें तें सांगावयास नको. लेखनिक कितीही दक्ष असला तरी कोठें एखादें अक्षर गळतें, कोठें एकाच्या जागीं दुसरें पडतें. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचे श्रम एकनाथांस शके १५०६ मध्यें घ्यावे लागले ते अशाच चुका सांचल्यामुळें. जंतूच्या मजकुरांतील ह्या चुकेस शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरर्थक असतात. कांहीं घातक ठरून तो जंतु जागींच मरतो. आणि क्वचित् एखादी अशी असते कीं तिच्यायोगें जंतु औषधाच्या तडाख्यांतून वांचतो.

येथेंच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिजविषयीं सुशिक्षितांतही घोटाळा आढळतो. औषध जंतूस कांहीं शिकवीत नाहीं, आणि जंतु औषधाला ‘सरावत’ही नाहीं. चूक आधींच, औषधाचा यत्किंचितही संबंध नसतांना, होऊन बसलेली असते. औषध फक्त बाकीच्यांस मारतें व त्या चुकलेल्या जंतूला रान मोकळें करून देतें. चूक दैवाची खरी. पण तिला वंशविस्तार करण्याची संधि देणें न देणें बऱ्याच अंशीं माणसाच्या हातीं असतें.

आतां औषधाकडे वळूं. कोयनेल झाडाच्या सालींतून मिळे, महाग पडे, कान भणभणत आणि पोट बिघडे. तेव्हां रसायनशाळेंत तयार होणारें औषध शोधण्याची खटपट युरोपांत चालूच होती. १९३४ सालीं जर्मनींत एल्बरफेल्ड येथें बायरच्या प्रयोगशाळेंत हान्स आंडर्साग ह्यांनीं एक पदार्थ तयार केला व त्यास रेसोचिन असें नांव मिळालें. परंतु प्राथमिक परीक्षेंत तो मनुष्यास फार विषारी आहे असा निर्णय होऊन तो बाजूस ठेवण्यांत आला. पुढें त्याचाच एक भाऊबंद, सोंटोचिन, फ्रेंच डॉक्टरांनीं ट्युनिसमध्यें वापरून पाहिला. १९४३ सालीं तें शहर दोस्तांच्या हातीं पडलें तेव्हां ते कागद आणि त्या गोळ्या अमेरिकनांस मिळाल्या. त्यांनीं त्यावरून कित्येक नवे पदार्थ बनविले, त्यांतला एक सर्वोत्तम ठरला, आणि मग ध्यानांत आलें कीं हा तर जर्मनांनीं नऊ वर्षांपूर्वीं टाकून दिलेला रेसोचिनच! १९४६ पासून तो क्लोरोक्विन ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. स्वस्त, टिकाऊ, लहान मुलासही देतां येण्याजोगा, आणि तीन दिवसांत ताप साफ काढणारा. ज्यास विषारी म्हणून अव्हेरलें त्यानें पुढें किती जीव वांचविले ह्याचा हिशेब कोणास देतां येणार नाहीं.

भिंतींवर फवारावयास डी.डी.टी. आणि पोटांत घ्यावयास क्लोरोक्विन, अशी जोडी हातीं आल्यावर माणसाचा आत्मविश्वास वाढला नसता तरच नवल. १९५५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वीवरून हिंवताप नाहींसा करण्याची मोहीम जाहीर केली. प्रारंभीचें यश डोळे दिपविणारें होतें हें कबूल केलें पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास आमच्या देशांत वर्षास साडेसात कोटी माणसांस हिंवताप होई व सुमारें आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. अकरा वर्षांनंतर, १९७६ सालीं, ती पुन्हां चौसष्ट लाखांवर गेली होती, डांस डी.डी.टी.ला जुमानीनासे झाले हें त्याचें एक कारण, आणि हातीं आलेलें यश पाहून ढिलाई आली हें दुसरें. परंतु मोहीम ऐन भरांत असतांनाच तिच्या दुसऱ्या शस्त्राला तडा गेला होता, आणि तो फार दूर, पैलिन नांवाच्या गांवाच्या आसपास.

पैलिन हें पश्चिम कंबोडियांत, थायलंडच्या सरहद्दीला लागून आहे. माणिक आणि नीलमणि ह्यांच्या खाणींसाठीं तें प्रसिद्ध होतें. भोंवतालीं डोंगर व दाट अरण्य, आणि त्या अरण्यांत फॅल्सिपॅरम वाहणारे जबर डांस. रत्नांच्या लोभानें देशोदेशींचे मजूर तेथें येत, खोदीत, आजारी पडत आणि निघून जात. आफ्रिकेच्या खेड्यांतील माणसास लहानपणापासून वारंवार हिंवताप होऊन, जगला वांचला तर, त्याच्या अंगांत थोडी सहनशक्ति येते. औषधांतून निसटलेल्या जंतूंचा समाचार त्याचें शरीरच घेतें. पैलिनच्या परक्या मजुरास ती शक्ति नव्हती. तो ताप आला कीं लोळण घेई, गोळ्या घेई आणि बरें वाटूं लागतांच पुन्हां खाणींत उतरे. निसटलेला जंतु त्याच्या रक्तांत सुखानें वाढे, आणि त्याच्याबरोबर गांवोगांव जाई.

ह्या ठिकाणीं औषध पोंचवावयाचें कसें? फवारणी निरुपयोगी, कारण अरण्यांतल्या झोंपड्यांना भिंतीच नव्हत्या. गोळ्या रोज कोण वांटणार? ब्राझीलमध्यें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत हीच अडचण आली होती, आणि मारिओ पिनोत्ती ह्यांनीं १९५२ च्या सुमारास तिच्यावर मोठी चतुर तोड काढली होती. मीठ कोणास चुकलें आहे? तेव्हां मिठांतच औषध मिसळून विकावें! ही कल्पना ब्राझीलप्रमाणें गियानाच्या अंतर्भागांत योजिली गेली, आणि १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत पैलिन येथेंही. तेथें प्रथम पायरीमेथॅमीन हें औषध मिठांत घालीत, नंतर क्लोरोक्विन.

वाचकांनीं क्षणभर ह्या मिठाचा विचार करावा. कोणी जास्त खातो, कोणी कमी. लहान मूल तर अगदीं थोडें खातें, आणि अंगावर पिणारें मुळींच नाहीं. म्हणजे सबंध वस्तीच्या रक्तांत औषधाचा अंश सदैव आहे, पण जंतूस निःशेष मारण्याइतका पुष्कळ ठिकाणीं नाहीं. चुकीच्या अक्षरामुळें किंचित् बळकट झालेल्या जंतूला ह्याहून सोईची परिस्थिति कोणी मुद्दाम निर्माण करावी म्हटलें तरी करतां आली नसती. मिठानेंच सारें बिघडविलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मिठाच्या पूर्वींच, १९५७ च्या सुमारास, त्या सरहद्दीवर क्लोरोक्विन घेऊनही बरे न होणारे रुग्ण दिसूं लागले होते. १९६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंत कोलंबियांतही तोच अनुभव आला. आणि मिठाचा वांटा किती ह्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, औषधें निकामी झालीं म्हणजे अर्ध्या गोळ्या घेऊन उरलेल्या फडताळांत ठेवणाऱ्या गरीब रुग्णाकडे बोट दाखविण्याची जी चाल आहे ती पुरतीशी न्याय्य नाहीं. पैलिनच्या मिठांत औषध कालविणारे कोणी अडाणी नव्हते.

जंतूनें नेमकें काय केलें हें कळावयास पुढें चाळीस वर्षें लागलीं. क्लोरोक्विन कसें मारतें तें आधीं पाहूं. जंतु रक्तपेशींतलें हिमोग्लोबिन खातो. तें पचवितांना हीम नांवाचा लोहयुक्त विषारी अंश उरतो. जंतु त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून आपल्या पोटाच्या पिशवींत सांठवून ठेवतो. क्लोरोक्विन त्या पिशवींत शिरून सांचतें आणि स्फटिक बनूं देत नाहीं. जंतु आपल्याच उष्ट्याच्या विषानें मरतो. दाद न देणाऱ्या जंतूच्या पिशवींत मात्र हें औषध सांचतच नाहीं असें आढळून आलें. तेव्हां तें बाहेर घालविणारें कांहींतरी असलें पाहिजे. पण तें त्या अफाट मजकुरांत कोठें लिहिलेलें आहे?

ह्या शोधासाठीं अमेरिकेंत टॉमस वेलम्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं जी युक्ति योजिली ती जंतूंचें लग्न लावण्याची होती असें म्हटलें तरी चालेल. ह्या जंतूंतील नरमादीचा संयोग डांसाच्या पोटांतच होतो. एक जंतु होंडुरासचा, औषधानें मरणारा. दुसरा इंडोचायनाचा, न मरणारा. ह्या दोहोंचा डांसांत संकर करून, पांथरी काढलेल्या चिंपांझीच्या अंगांत ती संतति वाढविण्यांत आली. निरनिराळीं सोळा अपत्यें मिळालीं. कोणीं बापाचा गुण घेतला, कोणीं आईचा. आणि गुण कोणत्या मजकुराबरोबर जातो हें ताडून पाहतां पाहतां १९९१ पर्यंत शोध सातव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यापर्यंत आला. मध्यें शेजारच्याच एका निरपराध जनुकावर आळ आला होता, व तो कांहीं वर्षें राहिलाही. अखेर २००० सालीं डेव्हिड फिडॉक आणि वेलम्स ह्यांच्या मंडळीनें खरा अपराधी पकडला. त्या जनुकापासून ४२४ दुव्यांची एक सांखळी बनते व ती जंतूच्या पोटाच्या पिशवीच्या पडद्यांत बसते. तिच्या ७६ व्या दुव्याच्या जागीं लायसीन असावयाचें तेथें थ्रिओनीन आलेलें होतें. लायसीनवर धनविद्युत् असते, क्लोरोक्विनवरही असते; ती दारावरची विद्युत् गेली आणि औषधास बाहेर पडण्याची वाट झाली. एका दुव्याचा फरक!

परंतु हा दुवा एकटा बदललेला कधीं आढळत नाहीं. इंडोचायनाच्या त्या जंतूंत त्याच सांखळींत एकंदर आठ बदल होते. दार उघडें पडल्यानें जंतूस जो त्रास होतो तो सांवरण्यास बाकीचे लागतात असें दिसतें. इतक्या चुका एकाच नकलेंत जमून येणें फार दुर्मिळ, म्हणूनच कोट्यवधि लोकांनीं क्लोरोक्विन घेत असतांही तें दहा-बारा वर्षें अभंग टिकलें. पायरीमेथॅमीनची गोष्ट उलटी होती. तेथें दुसऱ्या एका जनुकांत १०८ व्या दुव्याचा एकच बदल आरंभास पुरतो, आणि तसा जंतु पाहतां पाहतां निपजतो.

आतां पोथ्यांचे पाठभेद आमच्या कामी येणार आहेत. दोन पोथ्यांत एकच चूक सांपडली तर ती दोघां लेखनिकांनीं स्वतंत्रपणें केली असेल. पण त्या चुकीच्या मागचीपुढचीं पानेंही अक्षरशः सारखीं निघालीं, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या आहेत हें कोणीही ओळखील. संशोधकांनीं जगभरच्या जंतूंचीं अशीं मागचीपुढचीं पानें ताडून पाहिलीं, आणि २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो विस्मयकारक होता. लक्षावधि गांवांत लक्षावधि वेळां नव्हे, तर साऱ्या जगांत मोजक्याच, निदान चार, ठिकाणीं ही चूक मूळ उद्भवली होती. आणि आफ्रिकेंत जो जंतु पसरला तो आफ्रिकेंत जन्मलाच नव्हता. तो आग्नेय आशियांतून आलेला वंशज होता. पायरीमेथॅमीनला न जुमानणाऱ्या आफ्रिकेंतील तिहेरी बदलाच्या जंतूंविषयींही २००४ सालीं हेंच सिद्ध झालें. खंडें ओलांडून तो कोणाच्या रक्तांतून गेला, कोणत्या वर्षीं गेला, हें पाठभेदांवरून कळत नाहीं. १९७८ सालीं केनिया व टांझानिया येथें तो प्रथम दिसला, आणि दहा-अकरा वर्षांत पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोंचला.

पुढें जें झालें त्याचा आवाज फारसा झाला नाहीं, कारण मरणारीं बहुतेक पांच वर्षांखालचीं, खेड्यांतलीं मुलें होतीं. आईनें पूर्वीं दिली तीच गोळी आतांही द्यावी, ताप किंचित् उतरावा, आणि आठवड्याभरांत तो परत यावा. कागदोपत्रीं औषध चालूच होतें. सेनेगालमध्यें कांहीं वस्त्यांत जन्ममृत्यूची नोंद वर्षानुवर्षें काळजीनें ठेवलेली होती, म्हणून तेथें तरी सत्य उघड झालें: जां-फ्रांस्वा त्राप ह्यांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें कीं, क्लोरोक्विन निकामी होऊं लागल्यावर दहा वर्षांखालील मुलांचे हिंवतापानें होणारे मृत्यु तीन ठिकाणीं अनुक्रमें २.१, २.५ आणि ५.५ पट झाले. जेथें अशी नोंद नव्हती तेथील मुलांचा हिशेब कोणत्या वहींत सांपडणार? औषध बदलावें तर नवें महाग, म्हणून सरकारें आणि देणगीदार वर्षानुवर्षें चालढकल करीत राहिले. पैलिनच्या मिठाहूनही ही चालढकल आम्हांस अधिक अक्षम्य वाटते; मिठाच्या वेळीं अज्ञान तरी होतें.

इकडे आशियांत दुसरेंच नाटक चाललें होतें. व्हिएतनामच्या युद्धांत दोन्ही पक्षांच्या सैनिकांस क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या हिंवतापानें हैराण केलें. अमेरिकेच्या लष्करानें नवें औषध शोधावयास घेतलें व त्यांतून मेफ्लोक्विन निघालें. उत्तर व्हिएतनामनें चीनकडे मदत मागितली, आणि २३ मे १९६७ रोजीं चीननें एक गुप्त योजना सुरू केली; त्या तारखेवरूनच तिचें नांव ‘५२३’ पडलें. ह्या योजनेंत काम करणाऱ्या तू योयो ह्या विदुषीनें जुने वैद्यकग्रंथ चाळतां चाळतां चौथ्या शतकांतील गे होंग ह्यांच्या ग्रंथांत एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा उल्लेख पाहिला. ती उकळूं नये, थंड पाण्यांत भिजवून पिळावी असें तेथें होतें. त्यांनीं उष्णता टाळून अर्क काढला, आणि १९७१ सालीं तो प्राण्यांतील हिंवतापावर पूर्ण गुणकारी ठरला. हेंच आर्टेमिसिनीन. २०१५ सालीं तू ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. एकाच जंतूच्या भयानें एकमेकांचे शत्रु असलेल्या दोन पक्षांनीं दोन औषधें निर्माण केलीं. आणि दोहोंचा पराभव जेथून सुरू झाला ती सरहद्द पुन्हां तीच!

मेफ्लोक्विन थायलंडनें १९८४ पासून वापरलें. १९९० नंतर थोड्याच वर्षांत सरहद्दीवर तें फसूं लागलें. येथें अक्षर चुकलें नव्हतें, तर एक सबंध जनुकच दोनदां-तीनदां नकललें गेलें होतें. पान दोनदां उतरून घेणारा लेखनिकही आपल्या ओळखीचा आहेच. आर्टेमिसिनीन फार वेगानें जंतु मारतें, पण शरीरांत तें कांहीं तासच टिकतें. म्हणून त्याला जास्त काळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड हवी. एकट्या आर्टेमिसिनीनच्या गोळ्या मात्र बाजारांत सर्रास विकल्या जात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें त्या बंद करा असें निक्षून सांगितलें तें २००६ सालीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत आढळलें कीं, एका ठिकाणच्या रुग्णांच्या रक्तांतून जंतु पूर्वींच्या वेगानें नाहींसा होत नाहीं, त्यास बराच अधिक वेळ लागतो. तें ठिकाण पैलिन होतें.

ह्यावेळीं अपराधी सांपडण्यास चाळीस वर्षें लागलीं नाहींत. प्रयोगशाळेंत टांझानियाचा एक जंतु पांच वर्षें आर्टेमिसिनीनच्या वाढत्या मात्रेंत वाढविला होता. वांचलेल्या जंतूचा मजकूर मूळ मजकुराशीं ताडला आणि तेराव्या गुणसूत्रावरील ‘केल्च’ नांवाच्या जनुकांत फरक दिसला. कंबोडियाच्या रुग्णांत तें जनुक तपासतां तेथेंही फरक निघाले. विशेषेंकरून ५८० व्या दुव्याचा. हा शोध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या चुकीमुळें जंतु मरत नाहीं असें नाहीं. तो औषधाचे ते थोडे तास जणूं निपचित पडून काढतो आणि मग उठतो.

सर्वत्र पराभवच झाला असें मात्र नाहीं. आग्नेय आफ्रिकेंतील मलावी ह्या लहानशा देशानें १९९३ सालीं, इतर शेजाऱ्यांच्या आधीं, क्लोरोक्विन सरसकट बंद केलें. १९९२ सालीं तेथें शंभरांतील ८५ जंतूंत ७६ व्या दुव्याची ती चूक होती. २००० सालीं ती १३ वर आली, आणि पुढें जवळजवळ नाहींशी झाली. २००५ सालीं डॉक्टरांनीं धैर्य करून पुन्हां मुलांस क्लोरोक्विन देऊन पाहिलें. ८० मुलांपैकीं एकाच मुलावर तें फसलें. त्याच वेळीं तेथें चालू असलेलें, पायरीमेथॅमीनचें मिश्रण असलेलें औषध ८७ पैकीं ७१ मुलांवर फसलें होतें. चुकलेलें अक्षर पुन्हां सुधारलें, असें कोणास वाटेल. पण पाठभेद निराळें सांगतात. चुकलेला जंतु औषध नसतांना दुबळा पडतो. आणि कोठें कोठें उरलेले जुने, न चुकलेले अनेक वंश पुन्हां पसरून त्यांनीं त्यास हटविलें. हाच प्रकार आग्नेय आशियांत घडला नाहीं. कारण तेथें फॅल्सिपॅरमसाठीं क्लोरोक्विन बंद झालें तरी व्हायव्हॅक्ससाठीं तें चालूच राहिलें.

आफ्रिकेच्या बाबतींत सर्वांचें लक्ष पैलिनकडे लागलें होतें. पूर्वीं दोनदां शत्रु तेथूनच आला, तिसऱ्यांदाही तेथूनच येईल, म्हणून मेकाँग नदीच्या खोऱ्यांतच त्यास कोंडावें असे बेत झाले व पैसाही खर्च झाला. परंतु २०२० सालीं रवांडांत ५६१ व्या दुव्याचा बदल पसरत असल्याचें प्रसिद्ध झालें, २०२१ सालीं युगांडांत ४६९ आणि ६७५ ह्या दुव्यांचे, आणि २०२३ सालीं एरिट्रियांत ६२२ व्या दुव्याचा. रवांडा व युगांडा येथील मागचीपुढचीं पानें ताडून पाहतां तीं आशियाशीं जुळलीं नाहींत. ह्या चुका तेथल्या मातींतच झाल्या होत्या. जोडीचें दुसरें औषध अजून बऱ्याच ठिकाणीं काम देत आहे, म्हणून रुग्ण बरे होतात. २०२३ सालीं जगांत हिंवतापानें सुमारें ५ लाख ९७ हजार माणसें मेलीं. त्यांतलीं शंभरांत पंचाण्णव आफ्रिकेंतलीं.

आमच्या देशांत क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपॅरम १९७३ सालीं आसामांत, आजच्या कार्बी आंगलाँगच्या डोंगराळ मुलुखांत, प्रथम आढळला. आश्चर्य असें कीं, भारतांत पुष्कळ ठिकाणीं सांपडणारा त्याचा पाठ आफ्रिकेंत गेलेल्या पाठाहून वेगळा आहे. तो पापुआ न्यू गिनींतील पाठाशीं जुळतो. २०१० सालीं देशभर फॅल्सिपॅरमसाठीं क्लोरोक्विन थांबवून आर्टेमिसिनीनच्या वर्गांतील औषध व पायरीमेथॅमीनचें मिश्रण अशी जोडी ठरविण्यांत आली. पूर्वोत्तर राज्यांत ती फसूं लागली म्हणून २०१३ सालीं तेथें जोडीदार बदलला. व्हायव्हॅक्सवर मात्र आमच्याकडे क्लोरोक्विनच देतात, आणि तें अजून चांगलें लागू पडतें. त्याच्याहून स्वस्त आणि निर्धोक दुसरें हातीं नाहीं. पापुआ न्यू गिनींत १९८९ पासून व्हायव्हॅक्सही त्यास जुमानीनासा झालेला आहे. इकडे एकाच खेड्यांत, कधीं एकाच घरांत, दोन्ही जातींचा ताप असतो. शेजारच्या खाटेवरील व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला दिलेली गोळी त्याच्या अंगांत दडलेल्या फॅल्सिपॅरमसही पोंचते, आणि ती जुनी ७६ व्या दुव्याची चूक आमच्या देशांत मलावीसारखी अद्याप नाहींशी झालेली नाहीं.